अभ्यासपाठ : अन्नहक्काविषयी लिहिताना साक्षी कशा पारखाव्यात?



आपल्या वसतिगृहातील मुले आता पदवीपर्यंत पोहोचली आहेत. काहींनी शोधनिबंधासाठी अन्नहक्काची लोकचळवळ हा विषय घेतला आहे. कात्रणे, पत्रके, अहवाल भरपूर मिळतात. त्यांतल्या कशावर किती विसंबायचे, याचा अभ्यास मी त्यांच्यासोबत करीत आहे.

2001 साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरच्या आदेशाने सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देणे राज्यांवर बंधनकारक झाले. 2013 मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला.

या विषयावरचा कोणताही कागद हाती आला की आधी पाहावे, तो नेमके काय सांगू शकतो?

1. कायदा : काय मिळायला हवे ते सांगतो. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य. ते मिळाले का, हे कायद्यात सापडणार नाही.

2. रेशन दुकानाची नोंद : अंगठा लागला, पावती निघाली, एवढे कळते. पिशवीत किती पडले ते वजनकाटाच सांगेल.

3. पाड्यावरची साक्ष : ती मोलाची आहे. मात्र कोणते कार्ड, कोणता महिना, घरात माणसे किती, हे विचारून लिहावे.

4. संघटनेचे पत्रक : लोक का उठले, हे त्यातून उत्तम कळते. त्यातला आकडा मात्र मूळ अहवालात जाऊन पाहावा. हाच नियम देणगीदारांसाठी निघणाऱ्या आपल्या पत्रिकेलाही लावावा.

5. सर्वेक्षण : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्याचे आकडे देते. जिल्ह्याच्या सरासरीत एखाद्या पाड्याची उपासमार दिसेलच असे नाही.

एकाच साक्षीवरून निवाडा करू नये, ही शिकवण पवित्र शास्त्राची आहे. इथे तिची फार गरज आहे. एक फुगवलेला आकडा सापडला की कचेरीत खरी तक्रारही बाजूला सारली जाते, आणि नुकसान होते ते रिकाम्या डब्याच्या घराचे.

म्हणून मुलांना गृहपाठ दिला आहे : सुटीत घरी गेल्यावर कार्डावरचा हक्क, पावतीवरचा आकडा आणि पिशवीचे वजन शेजारी शेजारी लिहून आणा. याच कायद्याच्या कलम 28 मध्ये रेशन दुकानांच्या सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहे. तिथे अशी वही उपयोगी पडेल. आपल्या मंडळीतील तरुणांनीही ती ठेवावी.