पन्नास सीसीचा रकाना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर खासगी वाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. १६ वर्षे पूर्ण केलेल्यांना जी सवलत आहे, ती केवळ ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती मर्यादित आहे. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, अर्थात इंजिनातील दट्ट्या एका फेरीत जेवढे आकारमान व्यापतो त्याचे माप. समाजात मात्र ही तरतूद ‘सोळाव्या वर्षी बिनगिअरची चालते’ अशा सोप्या रूपात फिरते, आणि तेवढ्या एका वाक्याच्या भरवशावर अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती सर्रास किल्ल्या दिल्या जातात.

१९७२ मध्ये बाजारात आलेली लूना ५० सीसीची होती, आणि ज्या काळात घरोघरी अशा मोपेड असत त्या काळात या समजुतीने फारसे बिघडत नसे. आज दुकानात मिळणारी पेट्रोलवरील स्कूटर सामान्यतः ११० किंवा १२५ सीसीची असते, म्हणजे गिअर नसला तरी कायद्याने दिलेल्या मर्यादेच्या दुप्पट किंवा त्याहून मोठी. अठराच्या आतल्या मुलाला परवाना मिळू शकतो, पण तो ज्या गाडीसाठी मिळतो ती गाडी त्याच्या घरी नसते, हे विपरीत वास्तव पालकांना कोणी समजावून सांगत नाही. प्रस्तुत लेखकालाही ते कोणी सांगितले नव्हते.

लेखकाने ज्या वाहन प्रशिक्षण केंद्राकडे मुलाचे नाव घातले, त्याने शुल्क घेतले, संमतिपत्रावर पालकाची सही घेतली, चाचणीच्या दिवशी कुठूनशी एक जुनी मोपेड आणली आणि तिच्यावर मुलाकडून आठचा आकडा काढवून घेतला. ‘सोळा पूर्ण आहेत ना, मग झाले’ हे केंद्रचालकाचे शब्द होते. क्लासला जाण्यासाठी घरची स्कूटर वापरली जाणार आहे हे त्याला ठाऊक होते, कारण सरावासाठी तीच स्कूटर त्याच्या मैदानावर चार सकाळी नेण्यात आली होती. लेखकाच्या बाजूने येथे एवढे नोंदविणे आवश्यक आहे की परवाना, विमा, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट यांपैकी काहीही चुकविण्यात आलेले नव्हते, आणि लेखकाच्या सोसायटीत परवान्याशिवाय गाड्या फिरविणारी निदान अर्धा डझन मुले तेव्हाही होती, आजही आहेत.

अपघात पहिल्या पावसाच्या संध्याकाळी झाला. रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत एकत्र कालवली जाऊन जो निसरडा थर तयार होतो, त्यावर वळणात एकदम ब्रेक दाबला गेला, चाक सरकले, मुलाचे मनगट मोडले आणि कडेने चाललेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या पायाचे हाड मोडले. चूक मुलाची होती, याविषयी वाद नाही.

वाद सुरू झाला तो पोलीस चौकीत. तेथे विचारला गेलेला पहिला प्रश्न मुलाविषयी नव्हता. तो होता, गाडी कोणाच्या नावावर आहे. त्यानंतर हवालदाराने परवान्याचे कार्ड दिव्याखाली धरले, वाहनवर्गाच्या रकान्यावर, जेथे ५० सीसी असे स्वच्छ छापलेले होते, नख टेकविले आणि मग काही न बोलता नोंदणी प्रमाणपत्रावरील १०९ या आकड्यावर तेच नख नेले. ते कार्ड घरात सात महिने होते. आलेल्या दिवशी त्याचे छायाचित्र काढून नातेवाइकांना पाठविण्यात आले होते, आणि पाठविणाऱ्याने किंवा कौतुक करणाऱ्यांपैकी कोणीही तो रकाना वाचलेला नव्हता. केंद्रचालकास तेथूनच दूरध्वनी केला असता, ‘आम्ही परवाना काढून देतो, गाडी तुम्ही दिलीत’ असे उत्तर मिळाले. हे विधान खरे आहे, आणि ते अद्याप पचलेले नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ नुसार, अल्पवयीनाने वाहन चालविताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड आहे, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. मुलाकडे त्याच प्रकारच्या वाहनाचा परवाना असेल तर पालकाला या कलमापासून संरक्षण मिळते, पण रकाना आणि गाडी जुळत नसतील तर ते संरक्षण गळून पडते. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या आलिशान मोटारीखाली दोघांचा बळी गेल्यानंतर या कलमाची चर्चा घरोघरी झाली. परंतु ती श्रीमंतांच्या लाडावलेल्या मुलांविषयीची गोष्ट म्हणून झाली, आणि क्लासला जाणाऱ्या स्कूटरशी तिचा संबंध कोणी जोडला नाही. लेखकाच्या प्रकरणात विमा कंपनीने त्याच्या गाडीच्या नुकसानीचा दावा एका ओळीत फेटाळला. त्रयस्थ व्यक्तीला, म्हणजे विमेदार आणि कंपनी यांच्याबाहेरील जखमी इसमाला, द्यावयाची भरपाई अशा प्रकरणांत आधी कंपनीने देऊन नंतर मालकाकडून वसूल करावी असे न्यायालये अनेकदा सांगतात, हे तर नंतर वकिलाकडून समजले.

म्हणून, पालकांनी परवान्यावरील वाहनवर्ग आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील घनक्षमता या दोन नोंदी शेजारी ठेवून स्वतः वाचाव्यात, आणि त्या जुळत नसतील तर अठरावा वाढदिवस होऊन त्या वर्गाचा परवाना मिळेपर्यंत किल्ली कपाटात ठेवावी. तोवर बस आणि सायकल आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या विजेच्या गाड्यांना परवाना लागत नाही. मात्र विक्रेत्याने वेगाची मर्यादा सैल करून दिलेली गाडी या व्याख्येत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

परवाना वैध झाल्यानंतरचे शिक्षण केंद्रावर सोपवू नये, कारण आठचा आकडा काढता येणे आणि थांबता येणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, ही गोष्ट मुलाने मोकळ्या मैदानावर ताशी २० आणि ४० किलोमीटर वेगाने, आधी कोरड्या आणि मग ओल्या जमिनीवर, खडूच्या खुणा करून स्वतः मोजावी. पहिले सहा महिने मागे मित्र बसवू नये. न्यूझीलंडने १९८७ पासून टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत स्वीकारली असून तिच्या मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालविण्यास आणि सोबत्यांना नेण्यास मनाई असते. तसा नियम आपल्याकडे नसल्याने तो घरातच करावा लागेल. मूल रस्त्यावर असताना ‘कुठे पोहोचलास’ असे विचारणारा फोन आईवडिलांनी करू नये, कारण तो उचलला जातो. संयम, शिस्त आणि स्वतःचे उदाहरण यांचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहेच.

त्या वृद्ध गृहस्थांनी चार महिन्यांनी काठी घेऊन चालायला सुरुवात केली. लेखक भेटीस गेला असता त्यांनी चहा दिला आणि मुलाच्या मनगटाची चौकशी केली. त्यांच्या पुतण्याने मात्र दारातच खर्चाचा कागद हाती ठेवला, आणि त्यात गैर काही नव्हते. प्रशिक्षण केंद्राच्या दारावर ‘१६ वर्षे पूर्ण? परवाना हमखास’ हा फलक अजून आहे, आणि त्यावर ५० सीसीचा उल्लेख अजून नाही.