कुलमंडळाचे दप्तर : कुलवृत्तांताच्या वाचनाविषयी काही विचार

मराठी गद्याच्या इतिहासात बखर, शकावली, कैफियत, करीणा, महजर यांची दखल आपण घेतो. विसाव्या शतकात घराण्याघराण्यांनी छापून काढलेल्या कुलवृत्तांतांकडे मात्र सहसा वळत नाही. ते वाङ्मय नव्हे, नातलगांच्या उपयोगाची नामावली होय, असा समज त्यामागे असावा. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

वतनाच्या तंट्यात घराण्याने आपली हकीकत मांडावी, मूळपुरुषापासून पिढ्या मोजून दाखवाव्यात आणि त्या मालिकेच्या बळावर हक्क सांगावा, हे करीण्याचे प्रयोजन. वंशावळ तेथे पुरावा म्हणून येते. कुलवृत्तांताच्या काळात वतनाचे महत्त्व ओसरले होते, पुढे वतनेही गेली. परंतु हक्क सांगण्याची वृत्ती गेली नाही. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, स्थलांतराची हकीकत, मग शाखावार पिढ्या हा त्याचा क्रम पाहिला की करीण्याशी असलेले नाते उघड होते. म्हणून कुलवृत्तांत ‘खरा की खोटा’ एवढेच विचारून भागत नाही. तो कोणासाठी आणि कशाच्या सिद्धीसाठी लिहिला, हे आधी विचारावे लागते.

घरगुती दप्तराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भोर परिसरातील कारीच्या जेधे घराण्याकडून मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. शिवाजी महाराजांच्या जन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी तीत नोंदलेली आहे. राज्य शासन ज्या १९ फेब्रुवारी १६३० या दिनांकानुसार शिवजयंती साजरी करते, त्यामागे एका देशमुख घराण्याने जपलेले हे टिपण आहे.

एका तालुक्याच्या गावी असलेल्या कुलमंडळात पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींसह जाण्याचा योग मध्यंतरी आला. देवळामागची एक खोली, दोन लोखंडी कपाटे, भिंतीवर कापडावर चिकटवलेला वंशवृक्ष, आणि निवृत्तीनंतर हे काम हौसेने सांभाळणारे चिटणीस. कपाटात छापील वृत्तांताच्या प्रती होत्याच. त्याहून मोलाची होती ती वृत्तांतासाठी टपालाने मागवलेली माहितीपत्रके. छापताना काय गाळले, कोणाची हकीकत दोन ओळींवर आणली, हे या पत्रकांवरून कळते. संशोधकाने ग्रंथाआधी ती मागावीत.

वंशवृक्षातील एका शाखेखाली ‘निर्वंश’ असा शब्द होता. त्याच गृहस्थांच्या माहितीपत्रकात चार मुलींची नावे होती. विद्यार्थिनीने विचारले तेव्हा चिटणीस सहजपणे म्हणाले, “अगं, मुली आपापल्या सासरच्या वृत्तांतात सापडतील.” उत्तर प्रामाणिक होते. पण सासरच्या वृत्तांतात ती सापडते ती बदललेल्या नावाने. माहेरचे नाव दिले असेल तर दिले, नाही तर केवळ ‘अमक्यांची कन्या’. दोन ग्रंथांमधला दुवा बहुधा बापाचे नाव आणि गाव एवढाच उरतो, आणि त्यांपैकी एक जरी चुकले तरी ती बाई दोन्हीकडून नाहीशी होते. चार लेकी मागे ठेवून गेलेल्या माणसाला ‘निर्वंश’ म्हणणारा शब्द माहिती देत नाही, निवाडा देतो. असे शब्द कुलवृत्तांताच्या परिभाषेत अनेक आहेत. त्यांचा कोश कोणीतरी करायला हवा.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही अडचण परकी नाही. ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिकेचा शोध माहेरच्या बाजूने घ्यायचा तर लक्ष्मीबाई टिळक हे नाव निरुपयोगी ठरते, तेथे शोधायची ती मनकर्णिका गोखले. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले. त्यामागच्या बाळूताई खरे विवाहानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. तीन नावांची ही एकच व्यक्ती तिच्या लेखनामुळे आपल्याला ओळखता येते. लेखन मागे न ठेवलेल्या स्त्रीला ती सोय नाही.

तेव्हा एकाच साधनावर विसंबू नये. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव व आडनावाच्या अनुरोधाने पाहता येतात. यात्रेकरूने स्वतः सांगितलेली वा लिहिलेली नावे तेथे असल्याने छापील वंशावळीची तपासणी होते. जुनी पाने मोडीत असल्याने लिपीच्या परिचयावाचून मात्र हात हलवत परतावे लागते. (मोडीचा वर्ग हा आपल्या विभागांत अजूनही ऐच्छिक विषय मानला जातो, हे येथे नमूद करावेसे वाटते.)

याखेरीज, ज्यांच्या घरात छापखान्यापर्यंत पोहोचण्याची ऐपत नव्हती त्यांच्या वंशावळी आहेतच. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात हेळवी शेतकरी कुटुंबांच्या दारी येतात, पिढ्यांची नावे म्हणून दाखवतात, नव्या जन्मांची नोंद घेतात आणि धान्य वा बिदागी घेऊन पुढच्या गावी जातात. कुलवृत्तांत वाचायचा असतो, हेळव्याची वंशावळ ऐकायची असते. तिची लय, तिच्यातील विशेषणे, कोणत्या नावापाशी तो थांबतो, हे सारे पाठाचाच भाग आहे. ती ध्वनिमुद्रित करताना घरातल्या लेकींची नावे तो घेतो का, हेही टिपून ठेवावे.