कुंडीतले नाकतोडे: ओळख, उपाय आणि खर्च

सोलापूरच्या भवानी पेठेत गच्चीवर किंवा दारापुढे कुंड्या ठेवणाऱ्यांना पावसाळ्यात त्रास देतो तो नाकतोडा, टोळ नव्हे. हा फरक आधी समजून घ्या. टोळधाडीच्या धास्तीने घरात जहाल औषध येतं आणि तेच कढीपत्त्यावरून आपल्या ताटात उतरतं.

मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरले होते. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. एवढा थवा आला तर ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही आणि त्याचा बंदोबस्त घरच्या पंपाने होतही नाही. ते काम कृषी विभागाचं. त्याच सुमारास तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात रुईवर किडे पाहून लोक घाबरले, पण तपासणीत ते टोळ नव्हेत, नाकतोडे असल्याचं स्पष्ट झालं.

हा रुईवरचा नाकतोडा आपल्याकडच्या माळावर, पडीक प्लॉटवरही दिसतो. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा, जाडसर, सुस्त. रुईचा विषारी चीक त्याच्या अंगात असतो, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका. कुंड्यांत जास्त आढळतो तो टोकदार डोक्याचा हिरवा किंवा मातकट रंगाचा. पानाची कड वेडीवाकडी कुरतडलेली दिसली तर संशय याच्यावर घ्या. पानावर चकाकणारा चिकट माग असेल, तर गुन्हेगार गोगलगाय आहे.

सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. पहाटे गारव्यात नाकतोडे जड असतात, तेव्हा हातमोजा घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. जुलैत बिनपंखी पिल्लं दिसू लागली की हे नेटाने करावं. पंख फुटल्यावर ते हाती लागत नाहीत. मादी अंडी मातीत घालते, म्हणून उन्हाळ्यात कुंडीतली वरची माती उकरून उन्हात तापवा. सोलापूरचं ऊन इथे कामी येतं. शेजारच्या मोकळ्या जागेतलं गवत काढायला मजूर लावला, तर दिवसाची मजुरी साधारण ४०० ते ६०० रुपये पडेल. चार घरांनी वाटून घेतली तर भार वाटणार नाही.

कोथिंबीर, मेथी, पालकाच्या रोपांवर मच्छरदाणीचं कापड ताणा. मीटरला अंदाजे ३० ते ६० रुपये लागतात आणि नीट ठेवलं तर दोन-तीन हंगाम टिकतं. माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर आधी इथे करावेत.

फवारणीसाठी निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळा, एक लिटर द्रावण करा, त्यात चिमूटभर साबण घाला. उन्हाळ्याअखेर कडुनिंबाखाली निंबोळ्या पडतात, त्या गोळा करून वाळवल्या तर खर्च शून्य. विकतचं कडुनिंबाचं औषध पाव लिटरला साधारण १५० ते २५० रुपयांना, हातपंप २०० ते ४०० रुपयांना मिळतो. फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात अर्काचा गुण उतरतो. नाकतोडे लगेच मरत नाहीत, पण पिल्लांचं खाणं मंदावतं. पाऊस पडला तर पुन्हा फवारावं लागतं.

दुकानात बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. घरासाठी लाल-पिवळ्याच्या वाटेला जाऊ नका. सुटं, लेबल नसलेलं औषध घेऊ नका. पक्कं बिल मागा, त्यावर बॅच क्रमांक असावा. अंतिम तारीख बाटलीवर तपासा. शंका असेल तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर मराठीत विचारता येतं.

सगळं नव्याने घेतलं तरी दहा-बारा कुंड्यांचा खर्च हजार रुपयांच्या आत बसतो. त्याहून महागडं औषध कुणी गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका.