‘हॅव’ पुढे, ‘बीन’ जागेवर

मराठीत प्रश्न करणे सोपे. ‘तू पाच वर्षांपासून हॉकी खेळतोस’ याला ‘का’ जोडला की झाले. शब्द हलत नाहीत, काळही साधा वर्तमानच. म्हणून आपली मुले इंग्रजीत ‘सिन्स व्हेन यू आर प्लेइंग हॉकी?’ असे विचारतात. हिंदी भाषक मुलांचेही तेच.

पूर्वी सुरू झालेले काम अजून चालू असेल, तर इंग्रजीला ‘हॅव बीन प्लेइंग’ लागते. प्रश्नात यातला एकच शब्द हलतो. मी वर्गात सांगतो, रांगेतून एकटा ‘हॅव’ कर्त्याच्या पुढे येईल, बाकी सगळे सावधान! ‘हॅव यू बीन प्लेइंग?’ कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर ‘हॅज’. ‘हाऊ लाँग’ सर्वांच्या आधी. तरी ‘हॅव बीन यू’ दरवर्षी वह्यांत सापडतेच.

कर्ताच ठाऊक नसेल तर काहीच हलत नाही. ‘हू हॅज बीन यूझिंग माय बकेट?’ हे मात्र होस्टेलमध्ये सर्वांना बिनचूक येते.

एसएसबीच्या मुलाखतीत छंदांबद्दल ‘हाऊ लाँग हॅव यू बीन प्लेइंग?’ असे विचारले जाऊ शकते. ‘आय ॲम प्लेइंग’ म्हणालात तर फक्त आजचा खेळ कळतो, मागची वर्षे वाक्याबाहेर राहतात. ‘आय हॅव बीन प्लेइंग’ म्हणा. पुढे मुदत सांगायची तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स २०२१’.

‘नो’ या क्रियापदाला हा साचा चालत नाही. मित्राबद्दल विचारताना ‘हाऊ लाँग हॅव यू नोन हिम?’ एवढेच.