अंधारातला सोबती : फादर जोसेफ नॉयनर



ईशपंडित म्हटले की आपल्याला जाड ग्रंथ आणि अवघड शब्द आठवतात. आज आपण अशा एका ईशपंडिताची ओळख करून घेऊ या, ज्यांची विद्वत्ता एका कष्टी जिवाचे ऐकून घेण्यात दिसून आली.

फादर जोसेफ नॉयनर यांचा जन्म 19 ऑगस्ट 1908 रोजी ऑस्ट्रियातील फेल्डकिर्च येथे झाला. येशूसंघाचे हे धर्मगुरू 1938 साली भारतात आले. महायुद्धाच्या काळात त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून छावणीत स्थानबद्ध राहावे लागले. तरीही त्यांनी हा देश सोडला नाही. पुढे पुण्यात त्यांनी भावी धर्मगुरूंना ईशज्ञान शिकवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (1962-65) ते तज्ज्ञ सल्लागार होते. फादर जाक द्युप्वी यांच्यासोबत त्यांनी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे दस्तऐवज ग्रंथरूपाने संपादित केले.

1961 साली संत मदर तेरेसा यांनी आपल्या मनातला अंधार त्यांच्यापुढे उघड केला. सुमारे अकरा वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीव होत नव्हती. फादरांनी तीन गोष्टी समजावल्या. या अंधारावर माणसाजवळ इलाज नाही. देव जाणवणे हाच त्याच्या सान्निध्याचा पुरावा नव्हे. त्याची ओढ लागणे हीच तो अंतरी असल्याची खूण. आणि हा अंधार म्हणजे प्रभूच्या दुःखसहनात सहभाग आहे. क्रुसावर प्रभूनेही पित्याने आपल्याला का सोडले म्हणून आक्रोश केला (मत्तय 27:46). त्यानंतर मदर त्या अंधारावर प्रेम करू लागल्या. सेवा थांबली नाही.

मदर 1997 साली देवाघरी गेल्या. त्यांची पत्रे 2007 साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा हे सारे जगाला कळले. फादर 3 डिसेंबर 2009 रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणादिवशी, वयाच्या 101व्या वर्षी पुण्यात निवर्तले.

आम्हा धर्मगुरूंकडे पुष्कळजण येऊन म्हणतात, "फादर, रोझरी म्हणतो, पण मन कोरडेच राहते." श्रावणात लोणावळ्याच्या धुक्यात समोरचा डोंगर दिसत नाही, म्हणून तो नाहीसा झाला असे आपण म्हणतो काय? प्रार्थनेची इच्छा मनात आहे, तोवर देवाने आपला हात सोडलेला नाही.

या आठवड्यात मन कोरडे असले तरी रोज दहा मिनिटे प्रभूसमोर बसू या. आणि आपल्या शेजारी कोणी अंधारात असेल, तर उपदेश करण्याआधी त्याचे ऐकून घेऊ या.