ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

इंजिनिअरिंगचे कॅप राउंड जवळ आले की रत्नागिरी, चिपळूण, लांज्याचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: "एआय-डेटा सायन्स मिळेल ना?" मुलगा शेजारी गप्प बसलेला असतो. त्याला काय हवं, हे घरात कुणी विचारलेलंच नसतं. गणित आणि प्रोग्रॅमिंग मनापासून आवडत असेल तर ही ब्रँच जरूर घ्या. नुसत्या नावासाठी कर्ज काढून घेऊ नका. साध्या कॉम्प्युटर किंवा आयटीतूनही त्याच कामाकडे जाता येतं. मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षा हे रस्ते तुम्हाला पाठच आहेत.

मला बोलायचंय ते वेगळ्याच कामाबद्दल. यूट्यूब पुढचा व्हिडिओ सुचवतं, ॲमेझॉन पुस्तक सुचवतं. त्यामागचं गणित मांडायला सगळेच धावतात. पण सुचवलेलं माणसाला पटतं का, ते का सुचवलं हे त्याला कळतं का, स्क्रीनवर तो कुठे अडतो, हे कोण तपासणार? 2001 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रश्मी सिन्हा आणि कर्स्टन स्वेरिंजन यांनी नेमकं हेच केलं. पुस्तकं आणि सिनेमांच्या काही शिफारशी वेबसाइटच्या, काही लोकांच्या स्वतःच्या मित्रांच्या. मित्रांच्या शिफारशी सरस ठरल्या. नवं, अनपेक्षित काही मिळालं ते मात्र वेबसाइटकडून. पुढच्याच वर्षी त्यांना दिसलं, की शिफारशीमागचं कारण उमगलं तर माणूस तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो. सिन्हा यांची पीएच.डी. मानसशास्त्रातली. प्रेझेंटेशन शेअर करण्याच्या, 2006 मध्ये सुरू झालेल्या स्लाइडशेअर या वेबसाइटच्या त्या सहसंस्थापक. "आर्ट्सला जाऊन काय दिवे लावणार?" असं मुलीला सुनावणाऱ्या बाबांनी हे पुन्हा एकदा वाचावं.

असं तपासण्याचं काम डिझाइनमध्ये मोडतं, आणि ते शिकायला अमेरिकाच गाठावी लागते असं नाही. आयआयटी मुंबईत आयडीसी ही डिझाइनची शाळा 1969 पासून आहे. मोबाइलवरचा स्वरचक्र कीबोर्ड तिथलाच, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाचा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी उघडते. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येते, पदवीनंतर एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड. जागा थोड्या आहेत, स्पर्धा कडक आहे आणि नोकऱ्या मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळुरूत. हे आधीच सांगून ठेवतो.

मुलांनो, कल आहे का हे सुट्टीतच तपासा. घरातल्या, शेजारच्या चार मोठ्या माणसांना एसटीच्या ॲपवरून रत्नागिरी ते कोल्हापूर तिकीट शोधायला सांगा. फोन त्यांच्याच हातात राहू दे, मदत करू नका. कुठे थबकले, काय चुकीचं समजले, कुठे कंटाळून सोडून दिलं, सगळं वहीत लिहून काढा. मग तीच स्क्रीन कागदावर नव्याने आखा आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवा. यात दिवस कसा गेला कळलं नाही, तर त्या वह्या जपून ठेवा. एम.डेस.च्या मुलाखतीत दाखवायला त्या कामी येतील.