आगकाडीचा रोग आणि बर्नचा करार

देवघरात निरांजन लावताना आपण पेटीवर काडी ओढतो, ती पेटते, आणि पुढच्याच क्षणी आपण तिला विसरून जातो. एकेकाळी हीच काडी तयार करताना अनेक कामगारांचे जबडे सडून गेले. त्यांचा रोग हटविण्यास वैद्यकशास्त्र पुरे पडले नाही. त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांना एकत्र बसावे लागले.

एकोणिसाव्या शतकात काडीच्या टोकाला पांढरा फॉस्फरस लावीत. (पोर्तुगीज भाषेत तर आगकाडीचे नावच ‘फॉस्फोरो’ आहे.) ही काडी भिंतीवर घासा की बुटाच्या तळाशी, कोठेही पेटे, म्हणून ती ग्राहकांस प्रिय होती. परंतु त्या रसायनात काड्या बुडविणाऱ्या आणि पेट्या भरणाऱ्या मजुरांच्या श्वासाबरोबर त्याची वाफ आत जाई. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ असत. आधी दात दुखे, मग गाल सुजे, पू व दुर्गंधी येई आणि अखेर जबड्याचे हाड मरून जाई. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी १८४५ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे दहाच वर्षांत स्वीडनमधील लुंडस्ट्रॉम बंधूंनी निरुपद्रवी तांबड्या फॉस्फरसाच्या, केवळ पेटीवरच पेटणाऱ्या काड्या बाजारात आणल्या.

म्हणजे रोग ठाऊक होता, उपायही ठाऊक होता. तरी पुढे पन्नास वर्षे माणसे सडतच राहिली! १८८८ साली लंडनमध्ये आगकाड्यांच्या कारखान्यातील सुमारे चौदाशे स्त्रियांनी व मुलींनी संप केला. त्यांच्या हालांना वाचा फोडणारा लेख लिहिला होता ॲनी बेझंटबाईंनी, ज्या पुढे १९१७ साली आपल्या राष्ट्रसभेच्या अध्यक्षा झाल्या. दंडाची पद्धत बंद झाली, विषारी कामाच्या जागेपासून दूर जेवावयास स्वतंत्र खोली मिळाली. फॉस्फरस मात्र तेथेच राहिला.

याचे कारण बाजारात होते. पांढऱ्या फॉस्फरसाची काडी स्वस्त पडे. जो देश ती बंद करील त्याचा व्यापार शेजाऱ्याच्या हाती जाईल, ही भीती प्रत्येकास होती. फिनलंडने १८७२ साली आणि डेन्मार्कने १८७४ साली बंदी घालून दाखविली, हे त्यांना भूषणावहच. स्वित्झर्लंडची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्याने १८७९ साली बंदी घातली, १८८२ साली ती मागे घेतली आणि १८९८ साली पुन्हा घातली. एकट्याने घातलेले कुंपण किती डळमळीत असते, ते यावरून दिसते.

१९०० साली पॅरिसमध्ये कामगार-कायद्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे कार्यालय बाझल येथे होते. तिच्या खटपटीने २६ सप्टेंबर १९०६ रोजी बर्न येथे करार झाला. जर्मनी, डेन्मार्क, फ्रान्स, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलंड्स आणि स्वित्झर्लंड या सात राष्ट्रांनी त्यावर सह्या केल्या. या कराराची खरी चतुराई अशी की, बंदी केवळ उत्पादनावर नव्हती. अशा काड्यांची आयात व विक्रीही निषिद्ध ठरली. त्यामुळे प्रामाणिक राष्ट्राचा बाजार शेजाऱ्याच्या स्वस्त विषापासून सुरक्षित झाला. माझ्या मते साऱ्या कराराचा प्राण या एका कलमात आहे. ब्रिटनने १९०८ साली कायदा केला. अमेरिकेने १९१२ साली निराळीच युक्ती योजली : अशा काड्यांवर इतका कर बसविला की, त्या करणे परवडेना. त्या काळी हिंदुस्थानात काड्या मुख्यत्वे स्वीडन व जपानहून येत. येथेही १९१३ च्या कायद्याने विषारी काड्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद झाली.

त्याच १९०६ साली मिलान येथे डॉक्टरांनी व्यावसायिक रोगांसाठी कायम आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापिले. ते आजही कार्य करीत आहे. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना जन्मास आली आणि पहिल्याच परिषदेत तिने उरलेल्या राष्ट्रांना बर्नचा करार स्वीकारण्याची शिफारस केली. १९५० पासून जागतिक आरोग्य संघटनाही संयुक्त समितीद्वारे तिच्यासह या कार्यात उतरली.

परंतु पुढचे काम अधिक कठीण निघाले. खाणींतील व पाथरवटांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसून होणाऱ्या सिलिकोसिसवर १९३० साली जोहान्सबर्ग येथे तज्ज्ञांची परिषद भरली. पांढऱ्या फॉस्फरसाला तांबडा पर्याय होता. खाणीतील खडक मात्र बदलता येत नाही. तेथे फोडण्यापूर्वी दगडावर पाणी मारणे, धूळ यंत्राने ओढून घेणे आणि कामगारांची छाती वेळोवेळी तपासणे, हे प्रत्येक खाणीत रोजच्या रोज करावे लागते.